प्राचीन नाणी: कशासाठी जमवायची ते आधी, किती खर्चायचे ते नंतर

प्रश्न थोडक्यात असा: महिन्याला अडीच-तीन हजार रुपये बाजूला काढता येतात आणि प्राचीन भारतीय नाणी जमवायची आहेत. एक जण सांगतो, वर्षभर पैसे साठवा आणि एकच देखणे नाणे घ्या. दुसरा म्हणतो, स्वस्तातली शंभर घ्या. तिसरा म्हणतो, सोन्याशिवाय कशाला हात लावू नका. तिघेही जाणकार असताना सल्ले इतके वेगळे का, आणि सुरुवात कुठून करायची?

तिघेही आपापल्या परीने बरोबर सांगत आहेत, कारण तिघांची जमवण्याची कारणे वेगळी आहेत. पैसे वाया जातात ते बजेट लहान असल्यामुळे क्वचितच. कारण आपले एक आणि खरेदी दुसऱ्याच्या कारणाने, असे झाले की जातात.

एक उदाहरण घेऊ. नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभी येथे १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा प्रचंड साठा सापडला. तेरा हजारांवर नाणी, सगळी क्षत्रप पदवीच्या शक राजाची, नहपानाची, आणि त्यातल्या नऊ हजारांवर नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. एका बाजूला तीन कमानींचा चैत्य (कमानी एकमेकींवर रचलेले डोंगरासारखे चिन्ह), दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह (फुलीच्या चार टोकांना चार वर्तुळे), आणि त्यांच्याखाली नहपानाचा चेहरा अर्धामुर्धा दिसत राहतो. अशा प्रकारचे नाणे समोर आले की रूपावर जाणारा संग्राहक ते बाजूला ठेवतो, कारण चेहरा चेपलेला आणि अक्षरे एकमेकांत गुंतलेली असतात. इतिहासासाठी जमवणारा नेमके तेच मागतो. त्याला खालचा आणि वरचा असे दोन्ही ठसे ओळखू यावेत एवढेच हवे असते, आणि त्यासाठी तो जास्त पैसेही देतो. गुंतवणूकदार विचारतो, एकाच साठ्यात नऊ हजार निघाली तर ही दुर्मीळ कशी? प्रत्येक प्रकारचे एकेक जमवणारा एक घेतो आणि पुढे जातो. नाणे एकच असले तरी ते किती रुपयांचे, याची चार उत्तरे मिळतात.

अडीच-तीन हजारांच्या बजेटला सर्वांत जास्त परतावा, म्हणजे समजण्याचा परतावा, पश्चिमी क्षत्रपांच्या, म्हणजे गुजरात-माळव्याकडे राज्य करणाऱ्या शक राजांच्या, चांदीच्या नाण्यांतून मिळतो असे माझे स्पष्ट मत आहे. नाणे लहान असते: व्यास साधारण दीड सेंटिमीटर, वजन बहुधा १.९ ते २.४ ग्रॅम. पुढे राजाचा चेहरा, मागे चैत्य, चंद्र, सूर्य, खाली नदीची नागमोडी रेघ आणि भोवती ब्राह्मी लेख. लेखाची मांडणी ठरलेली: आधी बापाची पदवी आणि नाव, मग मुलाची पदवी आणि नाव. एकदा 'राज्ञो महाक्षत्रपस' (राजा महाक्षत्रपाचे) हा तुकडा डोळ्यांत बसला की उरते ती दोन नावे. ब्राह्मीची मुळाक्षरे रोज अर्धा तास घोटली तर काही आठवड्यांत ही नावे लागायला लागतात.

बापाचे नाव का लागते ते या मालिकेतच कळते. रुद्रसेन नावाचे अनेक राजे झाले. रुद्रसिंहाचा मुलगा तो पहिला, वीरदामनाचा मुलगा तो दुसरा, आणि ज्याच्या लेखात नावाआधी 'स्वामी' येते तो उत्तरकाळातला. विक्रेते सर्रास नुसते 'रुद्रसेन' लिहून नाणे विकतात, आणि कधी कधी त्यातच कमी भेटणारा राजा सामान्य भावात मिळून जातो. वाचता येणाऱ्यालाच हा लाभ आहे. ज्याला वाचायचे नाही त्याने या मालिकेत फारसे पडू नये, कारण चेहरे सगळे बरेचसे सारखे दिसतात आणि विसाव्या नाण्यानंतर कंटाळा येतो.

दुसरी गंमत तारखेची. पहिल्या रुद्रसिंहाच्या काळापासून चेहऱ्याच्या मागे शकवर्ष घातलेले असते, म्हणजे आपल्या पंचांगावर आजही छापले जाते तेच शक. आकडे ब्राह्मी आहेत आणि त्यांत शून्यही नाही, स्थानमूल्यही नाही. शंभराची एक खूण, मग दशकाची स्वतंत्र खूण, मग एककाची. १००, ७०, ८ अशा तीन खुणा दिसल्या तर शक १७८. त्यात ७८ मिळवले की इसवी सन २५६, म्हणजे दुसऱ्या रुद्रसेनाचा काळ. चेहऱ्याभोवती दिसणारी ग्रीक अक्षरे मात्र वाचण्याच्या भानगडीत पडू नका. या टप्प्यावर ती नुसती नक्षी उरलेली आहेत.

अडचण अशी की ठसा मोठा आणि चांदीची चकती लहान, त्यामुळे पूर्ण लेख आणि पूर्ण तारीख एकाच नाण्यावर क्वचितच येते. म्हणून निवडीचा क्रम असा ठेवा: आधी दोन्ही नावे वाचता येतात का, मग तारखेचे दशक आणि एकक चकतीवर आले आहेत का, आणि शेवटी चेहरा. देखण्या चेहऱ्याचे पण तारीख बाहेर गेलेले नाणे जास्त भावात विकले जाते, कारण बहुतेक गिऱ्हाईक फोटोत चेहराच बघते. इतिहासासाठी जमवणाऱ्याने तो जादा पैसा देऊ नये. नेहमी मिळणारी क्षत्रप नाणी आज साधारण हजार-दोन हजारांच्या घरात येतात. ईश्वरदत्तासारखा राजा, जो शकवर्ष न घालता आपल्या राज्याचे 'प्रथम' किंवा 'द्वितीय' वर्ष शब्दांत लिहितो, तो मात्र या भावात मिळत नाही. कोणी देत असेल तर आधी शंका घ्या.

आपल्या भागाची नाणी जमवणाऱ्यांचा वर्ग महाराष्ट्रात मोठा आहे, आणि इथे बजेट आणखी कमी चालते. सातवाहनांची शिशाची आणि पोटीनची झिजलेली नाणी शे-दोनशे रुपयांपासून मिळतात. पोटीन म्हणजे तांब्यात कथील आणि शिसे मिसळलेला धातू. सोंड वर केलेला हत्ती एका बाजूला आणि उज्जैन चिन्ह दुसऱ्या बाजूला, हा यातला नेहमीचा प्रकार. खर्च कमी, पण मेहनत जास्त: दहा नाण्यांतल्या आठांवर राजाचे नाव चकतीबाहेर गेलेले असते. तरी या साध्या नाण्यांची किंमत इतिहासाला किती, हे विदर्भातल्या तऱ्हाळा येथे १९३९ साली सापडलेल्या साठ्याने दाखवले. पुराणांच्या यादीत नसलेले कुंभ, कर्ण आणि शक सातकर्णी असे राजे त्या पोटीनच्या नाण्यांमुळे कळले. कोल्हापूरकडच्यांना कुर घराण्याची शिशाची मोठी नाणी खुणावतात. त्यांवर धनुष्यबाण असतो आणि विळिवायकुर, शिवलकुर ही नावे. त्यानंतरच्या काळातले हवे असेल तर कलचुरी कृष्णराजाचे चांदीचे छोटे नाणे पाहा. त्यावर नंदी आणि 'परममाहेश्वर मातापितृपादानुध्यात श्रीकृष्णराज' असा लेख येतो. तो तुकड्यातुकड्याने दोन-तीन नाण्यांवरून जुळवावा लागतो. शिवराईपासून सुरुवात करणारेही पुष्कळ. ती सतराव्या शतकापासूनची, म्हणजे प्राचीन नव्हे, आणि नकलांचा सुळसुळाट तिथे सगळ्यांत जास्त.

प्रादेशिक संग्रहाची एक दुखरी बाजू आहे. नाणे कुठे सापडले ही माहिती त्याच्या किमतीचा मोठा भाग असते, आणि म्हणूनच विक्रेते ती तयार करून देतात. 'पैठणच्या नदीपात्रातले' हे वाक्य पैठण न पाहिलेल्या नाण्यालाही चिकटते. लेखी नोंद नसेल तर स्थान कोरे ठेवा. आणि शेतात किंवा नदीकाठी नवीन सापडलेले म्हणून कोणी हंडाच दाखवायला लागले तर तिथून उठा. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत लपवलेले दहा रुपयांहून जास्त किमतीचे धन सापडले तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्याला कळवणे बंधनकारक आहे. तसे न कळवलेला माल घेणारा अडचणीत येतो, आणि साठा फुटल्यामुळे त्यातली इतिहासाची माहितीही जाते.

तिसरा वर्ग संच पुरा करणाऱ्यांचा. आहत नाणी हे त्यांचे आवडते रान. ही चांदीच्या पत्र्याचे तुकडे कापून त्यांवर सुट्या ठशांनी चिन्हे उमटवलेली नाणी. मगध-मौर्य मालिकेत पुढे पाच चिन्हे असतात, बहुधा सूर्य आणि सहा आऱ्यांचे चक्र ही दोन कायम आणि उरलेली तीन बदलती. मानक वजन ३२ रत्तींचे, म्हणजे सुमारे ३.४ ग्रॅम, झिजून ३ ग्रॅमच्या आसपास आलेली पुष्कळ भेटतात. गुप्ता आणि हार्डेकर यांच्या वर्गीकरणात चिन्हांच्या जोडणीप्रमाणे या नाण्यांचे शेकडो प्रकार क्रमांकांनी मांडलेले आहेत. विक्रेते 'जीएच' म्हणून देतात तो हाच क्रमांक. मौर्यकाळातले सामान्य प्रकार हजार रुपयांच्या आसपास किंवा खाली मिळतात, म्हणून पहिले पन्नास-साठ प्रकार झपाट्याने होतात. मग वेग थांबतो. उरलेल्या प्रकारांतला एकेक, आधीच्या दहा नाण्यांचे पैसे मागतो, आणि संच अपुरा राहिलेला ज्याला सहन होत नाही त्याचे बजेट इथे कोसळते. मर्यादा आधीच आखा: एकच मालिका, किंवा एकाच चिन्हाचे सगळे प्रकार. मागच्या बाजूचे सराफी छाप, म्हणजे नाणे पारखून मारलेल्या बारीक खुणा, हा स्वतंत्र विषय आहे. रूप पाहणारे ज्याला डाग म्हणतात त्यासाठीच अभ्यासक असे नाणे उचलतात. तांब्याच्या गाभ्यावर चांदीचा मुलामा दिलेली त्या काळातलीच नकली आहत नाणीही जाणूनबुजून जमवली जातात. मात्र ती 'चांदीची' म्हणून घेतलेली नसावीत. कडेला किंवा चिराळलेल्या जागी हिरवट-लालसर गाभा दिसतो का ते भिंगाने बघा.

रूपासाठी जमवणाऱ्याचे गणित उलटे. त्याने वर्षातून एक-दोनच घ्यावीत आणि त्यांत तडजोड करू नये. तीस हजारांच्या वार्षिक बजेटमध्ये भारतीय-ग्रीक राजांपैकी मिनँडरचे चांगले चांदीचे द्राख्म (ग्रीक मापाचे नाणे) किंवा पहिल्या अपोलोडोटसचे हत्ती आणि वशिंडाचा बैल असलेले चौकोनी नाणे येऊ शकते. कुषाणांचे वायुदेव ओआडो धावताना दाखवलेले तांब्याचे नाणे तर बरेच स्वस्त, पण नीट उमटलेले शोधावे लागते. सातवाहनांची चेहऱ्याची चांदीची नाणी काही हजारांपासून सुरू होतात आणि चेहरा स्वच्छ असला की भाव कितीतरी पट चढतो. एका बाजूला प्राकृत, दुसऱ्या बाजूला द्राविडी वळणाची भाषा असे ते दुभाषी नाणे. गुप्तांचे सोन्याचे धनुर्धर दिनार आज लाखाच्या पुढचीच गोष्ट झाली आहे. समुद्रगुप्ताचे वीणावादक किंवा अश्वमेध प्रकार तर त्याहून खूप वर.

महाग नाणे घेणाऱ्याने निदान तीन गोष्टी स्वतः तपासाव्यात. पहिली कड: साच्यात ओतलेल्या नकलेला कडेने जोड असतो किंवा तो कानसून काढलेला असतो, आणि पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे बुडबुडे दिसतात. दुसरी जुळी नाणी: एकाच ठशातून निघालेली दोन खरी नाणी असू शकतात, पण चिराळी, कडेचा तुटका भाग आणि ठशाचे सरकणे हेही तंतोतंत सारखे असेल तर दोन्ही नकली. जुन्या लिलावांची छायाचित्रे चाळली तर अशा जोड्या सापडतात. तिसरी घनता. नाणे हवेत तोला, मग बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून तोला. हवेतल्या वजनाला घटलेल्या वजनाने भागले की घनता येते. शुद्ध चांदीची १०.५, सोन्याची १९.३, शिशाची ११.३, तांब्याची ८.९. इथे एक फसगत ठरलेली. २.२० ग्रॅमचे चांदीचे नाणे पाण्यात ०.२१ ग्रॅम घटते. तुमचा काटा ०.०१ ग्रॅमचा असेल तर ०.२० वाचला की घनता ११.० आणि ०.२२ वाचला की १०.०. म्हणजे निष्कर्षच निघत नाही. लहान नाण्याला ०.००१ ग्रॅमचा काटा हवा. आणि कमी घनता म्हणजे नकली असेही नाही: उत्तरकालीन कुषाण आणि त्यांच्यानंतरच्या किदार राजांच्या सोन्यात मुळातच भेसळ आहे.

गुंतवणूक म्हणून घेणाऱ्यांना फार काही सांगायचे नाही, एक हिशोब सांगतो. लिलावात हातोडा १०,००० वर पडला, खरेदीदाराचे कमिशन १५ टक्के धरले, तर नाणे ११,५०० ला पडले, कर वेगळा. विकताना लिलावगृहाने १० टक्के कापले तर तुमचे ११,५०० परत यायला हातोडा सुमारे १२,८०० वर पडावा लागतो. म्हणजे भाव २८ टक्के चढेपर्यंत तुम्ही तोट्यातच आहात. स्वस्त नाण्यांत ही दरी आणखी रुंद, कारण हजार रुपयांचे क्षत्रप नाणे दुकानदार परत घेताना पाचशेही देईलच असे नाही. त्यामुळे तीन हजारांच्या मासिक खरेदीला गुंतवणूक म्हणणे ही स्वतःची समजूत घालणे आहे. शिवाय आयकर कायद्यात पुरातत्त्वीय संग्रह वैयक्तिक वापराच्या वस्तूंच्या सवलतीत बसत नाही; नफ्यावर भांडवली नफ्याचा कर लागतो आणि खरेदीची पावती नसेल तर मूळ किंमत सिद्ध करता येत नाही.

आता तुमचे तीस-पस्तीस हजार. पहिल्या वर्षी चार-पाच हजार साधनांवर घाला: ०.०१ ग्रॅमचा काटा (वजनापुरता, घनतेसाठी नव्हे), दहापट मोठे दाखवणारे चांगले भिंग, व्यास मोजायला डिजिटल व्हर्नियर, मायलर या नाण्याला न बाधणाऱ्या प्लॅस्टिकची पाकिटे आणि एखादे वर्गीकरणाचे पुस्तक. पहिले दोन महिने काही विकत घेऊ नका. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातली नाणी पाहा. नाशिकजवळ अंजनेरीला भारतीय नाणकशास्त्र संशोधन संस्था आहे, तिथे जाऊन या. डोळ्याला खऱ्या नाण्याची सवय झाली की मग महिन्याला एक किंवा दोन क्षत्रप, सगळी नावे वाचता येणारी. जुन्या बाजारातला ढीग आणि 'शंभर नाण्यांचा लॉट' सध्या टाळा. लॉट लावणाऱ्याने त्यातली चांगली आधीच उचललेली असतात. वर्षाअखेरीस आठ-दहा हजार राखून ठेवा, कारण ज्या राजाचे नाणे तुम्ही शोधत आहात ते हमखास खिसा रिकामा असताना येते. असे बारा-पंधरा नाण्यांनंतर आपोआप कळते की आपण अक्षरांकडे ओढले जातोय की चेहऱ्याकडे, आणि पुढचे बजेट त्याप्रमाणे वळवता येते.

साफसफाई हा पैसे घालवण्याचा सर्वांत वेगवान मार्ग. चिंच, लिंबू, भांड्यांची पावडर, सोनाराचे आम्ल, यांतले काहीही लावू नका. तांब्यावरचा स्थिर हिरवा थर नाण्याचे संरक्षण करतो आणि भावही वाढवतो. आम्लाने धुतलेली चांदी पांढुरकी आणि सच्छिद्र होते, ती परत पूर्ववत होत नाही. तांब्यावर फिकट हिरवी, नखाने निघणारी भुकटी मात्र वेगळी: तो क्लोराइडचा रोग आहे. ते नाणे लगेच वेगळे काढा, डिस्टिल्ड पाण्यात ठेवून पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदलत राहा आणि शेवटी पूर्ण वाळवून सिलिका जेलसोबत हवाबंद डब्यात ठेवा. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात जेलची पुडी महिन्याला तपासावी लागते. शिशाच्या नाण्यांना लाकडी कप्पे आणि साधा पुठ्ठा चालत नाही. त्यांतून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिसे पांढरे होऊन भुगा होते. ती हाताळल्यावर हात साबणाने धुवा. मऊ, वास येणारी पीव्हीसीची पाकिटे काही वर्षांत हिरवा चिकटा सोडतात. तो असिटोनने निघतो, पण खालची चांदी खरवडली गेलेली असू शकते.

कागदपत्रांचेही सांगतो. १९७२ च्या पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावशेष ठरते. ते खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता वा पाठवता येत नाही, त्यामुळे अमेरिकेतल्या भावाला वाढदिवसाची भेट म्हणूनही क्षत्रप नाणे पाकिटात घालून पाठवू नका. व्यापार करणाऱ्याकडे परवाना लागतो. पावतीवर त्याचे नाव, परवाना क्रमांक आणि नाण्याचे वजनासह वर्णन मागून घ्या. प्रत्येक नाण्याला एक क्रमांक देऊन वहीत दोन्ही बाजूंचा फोटो, वजन, व्यास, वाचलेला लेख, कोणाकडून, कधी, कितीला, आणि पावती कुठे ठेवली आहे हे लिहा. घरच्या एका माणसाला ती वही कुठे आहे ते सांगून ठेवा.